जुन्या इंग्रजी पॅरिश नोंदींतून घराण्यातले तुटलेले दुवे कसे शोधावेत

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याचा माग काढत मागे जाताना १८३७ पर्यंतची वाट बरीच सरळ असते. त्या वर्षीच्या १ जुलैपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली, त्यामुळे दाखला मागवायचा, त्यावरून आधीच्या पिढीचे नाव घ्यायचे आणि पुढचा दाखला मागवायचा, असे काम चालते. त्याच्या मागे गेले की सरकार संपते आणि चर्च सुरू होते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या ज्या वह्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे वसईकडचे लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात त्या क्षेत्रात, ठेवल्या जात, त्यांच्यावरच पुढची सगळी भिस्त असते. सासरच्या डेव्हनमधल्या घराण्याचे काम मी या वह्यांवरून केले. इंग्लंडमध्ये सून किंवा जावई म्हणून गेलेल्या आणि मुलांसाठी त्या बाजूची वंशावळ लिहू पाहणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून त्या कामाची रीत इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. वहीत नाव सापडले नाही, एवढ्यावरून तो माणूस त्या गावात नव्हता असे ठरत नाही, आणि नाव सापडले म्हणून तो आपलाच माणूस असेही ठरत नाही. वही कोणत्या साली सुरू झाली, तिच्यात कुठे खंड आहे, ती कोणी आणि कोणत्या कायद्याखाली लिहिली, हे कळल्याशिवाय त्या रिकाम्या जागेचा अर्थ लावता येत नाही. म्हणून आधी वहीची चौकशी करावी, मग माणसाची.

१. सुरुवातीला काय जवळ हवे

घरातले जुने दाखले, कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा, थडग्यांवरच्या मजकुराची छायाचित्रे, सैन्यातली कागदपत्रे आणि मृत्युपत्रे एकत्र करा. त्यांच्या जोडीला जनगणनेच्या नोंदी लागतात. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलेली असतात आणि माणूस त्याच काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, जन्मला का, एवढेच विचारलेले असते. १८५१ मध्ये मात्र जन्माची पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले आहे. त्यामुळे १८३७ पूर्वी जन्मलेला आणि १८५१ पर्यंत जगलेला पूर्वज हा आपल्या कामातला सर्वांत मोलाचा माणूस समजावा. त्याच माणसाच्या १८६१ आणि १८७१ च्या नोंदीही पाहाव्यात, कारण जन्मगाव सांगताना लोक कधी खेड्याचे नाव सांगत, तर कधी जवळच्या मोठ्या गावाचे. जन्मदाखला मागवण्यापूर्वी जनरल रजिस्टर ऑफिसची ऑनलाइन सूची पाहा. तिच्यात १८३७ पासूनच्या जन्मांना आईचे माहेरचे आडनाव दिलेले असल्याने एकाच नावाची दोन मुले वेगळी काढता येतात आणि नको त्या दाखल्याचे पैसे वाचतात.

हाताशी एक साधी वही किंवा तक्ता ठेवा आणि त्यात कोणत्या पॅरिशची, कोणत्या वर्षांची, कोणती वही पाहिली आणि काय सापडले नाही, हेही लिहा. न सापडल्याची नोंद ठेवण्याचा सगळेच कंटाळा करतात, पण पुढे सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा राहतो.

२. पॅरिश नक्की करा

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या नावाने पान काढता येते, पॅरिशच्या वहीत तशी सोय नसते. तिथे सगळे गाव तारखेच्या क्रमाने एकाखाली एक लिहिलेले असते, म्हणून गाव चुकले की सगळेच चुकते.

काउंटीच्या सीमा १९७४ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलल्या, तेव्हा आजचा नकाशा बाजूला ठेवून जुना नकाशा वापरा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरचा १८५१ च्या सीमा दाखवणारा नकाशा विनामूल्य आहे, आणि फिलिमोर यांच्या पॅरिश रजिस्टरांच्या नकाशासंग्रहात प्रत्येक पॅरिशची सीमा आणि तिच्या उपलब्ध वह्या कोणत्या साली सुरू होतात हे दिलेले असते. आपल्या पॅरिशला लागून असलेल्या सगळ्या पॅरिशींची नावे आताच लिहून ठेवा, पुढे ती लागतातच.

दक्षिणेकडच्या पॅरिशी बहुधा लहान आहेत. उत्तरेकडे, विशेषतः लँकेशायर आणि यॉर्कशायरमध्ये, एकेका पॅरिशमध्ये अनेक गावे आणि त्यांची छोटी चॅपेल, म्हणजे उपचर्चे, असत. बाप्तिस्मा जवळच्या चॅपेलमध्ये होई, पण १७५४ नंतर अशा अनेक चॅपेलांना लग्न लावण्याचा अधिकार उरला नाही, म्हणून जोडपी मुख्य चर्चमध्ये जात. मुलांचे बाप्तिस्मे एकीकडे आणि आईबापांचे लग्न मैलोन्मैल दूर, असे दिसले तर घराणे स्थलांतरित झाले अशी कथा घाईने रचू नका. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागे, हेही ध्यानात असू द्या.

३. वहीचा इतिहास वाचा

वह्या ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. प्रत्यक्षात त्या सालापासूनच्या वह्या थोड्याच पॅरिशींत उरल्या आहेत. सुटे कागद नष्ट होत होते म्हणून १५९८ मध्ये सर्व जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवण्याचा आदेश निघाला आणि ते करताना राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या आरंभापासून, म्हणजे १५५८ पासून, विशेषत्वाने उतरवावे असे त्यात म्हटले होते. पाद्र्यांनी ही सवलत आनंदाने घेतली, आणि म्हणूनच कितीतरी वह्या नेमक्या १५५८ मध्ये सुरू होतात. अशा वहीची पहिली चाळीस वर्षे एकाच हस्ताक्षरात आणि एकाच शाईत दिसली, तर ती नक्कल आहे आणि नकलेतल्या चुका तिच्यात असणार, असे समजावे. नोंदींची वार्षिक प्रत बिशपकडे पाठवण्याची सर्वत्र लागू झालेली सक्तीही याच काळातली. या प्रतींचा उपयोग पुढे येईल.

सर्वांत मोठे भगदाड आहे ते यादवी युद्धाचे. १६४२ मध्ये लढाई पेटली, अनेक पाद्री हाकलले गेले आणि कित्येक ठिकाणी नोंदी थांबल्या. १६५३ च्या कायद्याने वही गावाने निवडलेल्या रजिस्ट्रारकडे गेली, बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहिली जाऊ लागली आणि लग्ने न्यायाधीशासमोर लागू लागली. १६६० मध्ये राजसत्ता परतली तेव्हा ही व्यवस्था संपली. बिशपच नसल्याने या काळात त्यांच्याकडच्या प्रतीही नाहीत. इथे नाव न सापडणे हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. या काळासाठी १६४१-४२ च्या प्रोटेस्टेशन रिटर्न्स पाहाव्यात. अठरा वर्षांवरील पुरुषांनी घेतलेल्या शपथेच्या या याद्या गावनिहाय आहेत आणि डेव्हन व कॉर्नवॉलच्या बऱ्याच टिकल्या आहेत.

पुढचे दोन कायदे पाठच करून ठेवावेत. लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. त्यानंतर क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सर्वांना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच लग्न लावावे लागे. लग्नाची वेगळी वही आली, वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या किंवा निशाण्या आल्या. दुसरा कायदा १ जानेवारी १८१३ पासूनचा. त्याने छापील रकाने आणले, बाप्तिस्म्याला वडिलांचा धंदा व राहण्याचे ठिकाण आणि दफनाला वय मिळू लागले. त्यापूर्वीच्या नोंदी किती तोकड्या असू शकतात याची कल्पना नवख्याला नसते. एखाद्या पानावर दफनापुढे ‘विधवा टर्नर’ इतकेच असते, नाव नाही, वय नाही. याउलट १७७० च्या दशकापासून यॉर्कशायरमध्ये विल्यम डेड या पाद्र्याच्या पद्धतीने लिहिलेल्या वह्यांत आजीआजोबांची नावेही सापडतात. अशी पॅरिश वाट्याला आली तर ते नशीबच म्हणायचे.

४. सूचीवरून मूळ पानाकडे जा

फॅमिलीसर्च आणि स्वयंसेवकांनी चालवलेले फ्रीरेग ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. वर्गणी भरून पाहायच्या संकेतस्थळांत लंडनच्या वह्यांच्या प्रतिमा ॲन्सेस्ट्रीवर आणि डेव्हनच्या फाइंडमायपास्टवर आहेत. आपल्या काउंटीच्या वह्या कुठे आहेत आणि नेमक्या कोणत्या वर्षांच्या आहेत, हे पाहिल्यावरच वर्गणी भरा. इंग्लंडमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत यांपैकी एखादे संकेतस्थळ सभासदांना फुकट वापरता येते.

सूचीत मिळाले तेवढ्यावर थांबू नका. सूची कोणीतरी वाचून केलेली असते आणि वाचणारा चुकतो. शिवाय मूळ पानावर समासात लिहिलेल्या गोष्टी सूचीत येत नाहीत. उदाहरणार्थ, ऑक्टोबर १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि गरिबांना तो माफ होता, म्हणून त्या वर्षांत नावापुढे ‘पी’ हे अक्षर दिसले तर ते बहुधा ‘पॉपर’, म्हणजे निर्धन, असे सुचवते. इतर काळात बाप्तिस्म्याच्या नोंदीतले तेच अक्षर ‘प्रायव्हेट’चे असू शकते, म्हणजे मूल अशक्त असल्याने घाईने घरीच उरकलेला बाप्तिस्मा. मूल जगले तर त्याला नंतर चर्चमध्ये रीतसर स्वीकारले जाई आणि त्याचीही नोंद होई, त्यामुळे एकाच मुलाच्या दोन तारखा सापडतात. कर लागू होण्याच्या तोंडावर बाप्तिस्म्यांची झुंबड उडाली होती. चार भावंडांचे बाप्तिस्मे एकाच दिवशी दिसले तर ती चौघे जुळी असण्यापेक्षा आईबापांनी काम लांबणीवर टाकलेले असण्याचाच संभव अधिक.

प्रतिमा ऑनलाइन नसतील तर काउंटीच्या अभिलेखागारात जावे लागते. १९७८ च्या नियमानुसार जुन्या वह्या तिथे जमा झालेल्या आहेत, त्यामुळे चर्चच्या पाद्र्याला पत्र लिहिण्याची गरज सहसा पडत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बरोबर घ्या, जागा आधी राखून ठेवा आणि पेन घरी ठेवून शिसपेन्सिल न्या. बहुधा मूळ वहीऐवजी मायक्रोफिश, म्हणजे पानांच्या अतिलहान छायाचित्रांची फिल्म, हातात मिळते.

५. अक्षर, भाषा आणि वर्ष

सोळाव्या आणि सतराव्या शतकातले ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण आपल्याला इंग्रजी येते म्हणून वाचता येत नाही. त्यातला ‘ई’ उलटा दिसतो, लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा वाटतो आणि मोठ्या ‘एफ’साठी दोन छोटे ‘एफ’ जोडून लिहितात. त्याच पानावरची जानेवारी, फेब्रुवारी ही महिन्यांची नावे आणि जॉन, मेरी यांसारखी ओळखीची नावे आधी वाचून त्या लेखकाच्या अक्षरांची बाराखडी स्वतः तयार करावी. काही वह्या लॅटिनमध्ये आहेत. तिथे विल्यमचा गुलिएल्मस होतो, जेम्सचा याकोबस, चार्ल्सचा कारोलस, आणि एगिडियस हा जाइल्स असतो हे कोणी सांगितल्याशिवाय कळायचे नाही.

खरी फसगत वर्षाची होते. १७५१ पर्यंत इंग्लंडचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. समजा, जॉन आणि मेरी टर्नर यांचे लग्न एप्रिल १७४० मध्ये लागले आणि त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा ‘१० फेब्रुवारी १७४०’ असा लिहिला आहे. आजच्या डोळ्याने पाहिले तर मूल लग्नाआधीचे ठरते. वहीची पाने उलटून पाहिली तर हा फेब्रुवारी डिसेंबर १७४० च्या नंतर येतो, म्हणजे आपल्या हिशेबाने तो १७४१ चा आहे आणि मूल लग्नानंतर दहा महिन्यांचे आहे. अशा तारखा टिपताना दोन्ही वर्षे तिरक्या रेघेने लिहावीत, १७४०/४१ अशी. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, त्यामुळे मधल्या तारखांची नोंद शोधत बसू नये.

६. नोंद सापडत नसेल तेव्हा

आधी बिशपकडच्या प्रती पाहा. मूळ वही उंदरांनी खाल्ली, भिजली किंवा हरवली तरी प्रत टिकलेली असू शकते, आणि दोन्ही टिकल्या असतील तर त्यांत फरकही सापडतात. मग शेजारच्या पॅरिशी, जवळच्या पासून दूरपर्यंत, क्रमाने घ्या.

लग्न मिळते पण एकाही मुलाचा बाप्तिस्मा मिळत नाही, अशी स्थिती असेल तर कुटुंब अँग्लिकन नसण्याची शक्यता दाट असते. १७५४ ते १८३७ या काळात बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन किंवा कॅथलिक माणसालाही लग्नापुरते अँग्लिकन चर्चमध्ये जावे लागे, मुलांसाठी मात्र तो आपल्या चॅपेलमध्ये जाई. बॅप्टिस्ट तर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत, त्यांच्या वहीत जन्म लिहिलेला असतो. सरकारी नोंदणी सुरू झाल्यानंतर जमा करून घेतलेल्या अशा पंथांच्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी ४ या क्रमांकाखाली आहेत, आणि क्वेकरांच्या आरजी ६ खाली.

लग्नच मिळत नसेल तर परवान्याचे कागद पाहा. तीन रविवार चर्चमध्ये जाहीर घोषणा टाळायची असेल तर परवाना घेत, आणि त्यासाठी दिलेल्या शपथपत्रात वय, धंदा व पॅरिश सापडते. परवाना निघाला म्हणजे लग्न झालेच असे मात्र नाही. १७५४ पूर्वी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास चोरून लग्ने लागत. त्यांच्या वह्या आरजी ७ मध्ये आहेत आणि त्यांवर फार विसंबू नये.

गरीब कुटुंबांबाबत माझा अनुभव असा की बाप्तिस्म्यापेक्षा गरिबीचे कागद अधिक बोलतात. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाला हक्काची एक पॅरिश होती आणि मदत तिथेच मिळे. परगावी आलेला मजूर भुकेला लागला की त्याची चौकशी होई, आणि तो कुठे जन्मला, कुठे कोणाकडे किती काळ नोकरीला होता, लग्न कधी झाले, मुले किती, हे सगळे त्याच्या जबानीत उतरवले जाई. मग त्याला बायकामुलांसह मूळ गावी पाठवण्याचा हुकूम निघे. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही अशा माणसाचे इतके तपशीलवार आत्मवृत्त दुसरीकडे कुठे मिळणार? अनौरस मुलांच्या बाबतीतही बापाकडून घेतलेली हमीपत्रे याच दप्तरात असतात, आणि वहीत रिकामे सोडलेले बापाचे नाव तिथे मिळू शकते.

मृत्युपत्रे १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. कँटरबरीच्या न्यायालयातली क्यूला आहेत. डेव्हनकरांनी मात्र जपून आशा धरावी, कारण १९४२ च्या बाँबहल्ल्यात एक्सेटर इथला मृत्युपत्रांचा मोठा साठा जळाला. तिथे उरलेल्या नकला आणि सारांश यांवरच भागवावे लागते.

७. सापडलेल्या नोंदीची परीक्षा घ्या

हवा तो जॉन, हव्या त्या वर्षी, हव्या त्या गावात सापडला की मन तिथेच थांबते. त्याच वेळी पुढच्या दहा वर्षांची दफनाची वही उघडावी. तो जॉन दोन वर्षांचा होऊन वारला असेल तर आपला पूर्वज तो नाही. मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची प्रथा होती, त्यामुळे एका आईबापाला दोन किंवा तीन जॉन असणे नेहमीचे आहे. त्यानंतर शेजारच्या पॅरिशींत त्याच वयाचा दुसरा जॉन नाही ना, हे पाहावे. वहीत ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ असे लिहिलेले दोघे बापलेकच असतील असे नाही, गावातले एकाच नावाचे कोणतेही दोघे असू शकतात. लग्नाच्या साक्षीदारांची नावे, मृत्युपत्रातल्या नातवंडांची नावे आणि धंदा जुळतो का हेही बघावे. दोन उमेदवार उरले आणि निवड करता येत नसेल, तर दोघांनाही वंशावळीत तुटक रेघेने जोडून कारण लिहावे.

संकेतस्थळांवर इतरांनी मांडलेल्या वंशावळी पुरावा म्हणून घेऊ नयेत. एकाने चुकीचा जॉन जोडला की पन्नास जण तो उतरवून घेतात, आणि पन्नास ठिकाणी दिसतो म्हणून तो खरा वाटू लागतो.

८. माणूस इंग्लंडमधूनच नाहीसा झाला असेल तर

गावात बाप्तिस्मा आहे, पुढे लग्न नाही, दफन नाही, जनगणनेतही नाव नाही, अशा तरुणाचा शोध हिंदुस्थानात घ्यावा. पुणे, खडकी, अहमदनगर आणि देवळाली इथल्या छावण्यांत आलेल्या गोऱ्या शिपायांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. मुंबई इलाख्याच्या अशा प्रती १७०९ पासून आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन ३ या क्रमांकाखाली ठेवल्या आहेत. त्यांच्या प्रतिमा फाइंडमायपास्टवर पाहता येतात. या प्रती भारतातल्या त्या त्या चर्चमधल्या मूळ वहीशी ताडून पाहण्याचा मार्गही उरतो, आणि पुण्याच्या लष्कर भागातले, १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते पवित्र झालेले सेंट मेरी चर्च आजही उभे आहे.

उलट्या दिशेचा प्रश्न असेल, म्हणजे खडकीला लग्न केलेला शिपाई इंग्लंडमधल्या कोणत्या गावचा हे माहीत नसेल, तर राजाच्या फौजेतून पेन्शनवर निघालेल्यांचे कागद क्यूला डब्ल्यूओ ९७ मध्ये पाहावेत. त्यांत सैनिकाचा आधीचा धंदा आणि तो ‘अमुक गावातल्या किंवा गावाजवळच्या अमुक पॅरिशमध्ये’ जन्मला अशी छापील ओळ हाताने भरलेली असते. पॅरिश तिथे मिळाली की दुसऱ्या पायरीपासून काम पुन्हा सुरू करता येते.